एड्सवर औषध आले, भीतीवर कधी येणार?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे आठ वाजले होते, दवाखाना आटोपत आला होता. चाळिशीच्या घरातल्या एक बाई खोकला घेऊन आल्या. पाच-सहा दिवसांचा खोकला आणि अंगात कणकण. तपासून झाल्यावर एक गोळी तिथेच घ्यावी म्हणून मी कंपाउंडरला पाणी आणायला सांगितले. तेवढ्यात बाईंनी आपल्या पिशवीतून स्टीलचा एक पेला काढून टेबलावर ठेवला.

"डाक्टरसाहेब, तुमचा गिलास नोका देऊ मले. मी माहा संगं आणला हाये."

मी कारण विचारले. त्यांनी दाराकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि सांगितले, की चौदा वर्षांपासून त्यांना 'ती' गोळी चालू आहे. नवरा त्याच रोगाने गेला. रक्ततपासणीचा कागद त्यांनी पुढे केला. विषाणूचे प्रमाण इतके कमी, की यंत्राला ते सापडत नाही. बाई शेतात मजुरीला जातात, दोन मुले शिकवली आहेत, प्रकृती माझ्यापेक्षा खणखणीत आहे. तरीही घरात त्यांचे ताट, वाटी आणि पेला चौदा वर्षे वेगळे. फडताळाच्या खालच्या खणात, एका कोपऱ्यात.

"हे कोणी सांगितले तुम्हाला?" मी विचारले.

"आमचे मालक गेले ना, तवा एका डाक्टरनंच सांगलं. भांडे येगळे ठेवा मने."

वाचकहो, तो डॉक्टर मी नव्हतो. परंतु असू शकलो असतो. म्हणून आजचा लेख नेहमीसारखा केवळ सल्ल्याचा नाही, थोडा कबुलीचाही आहे.

भीती कोणी पेरली?

एचआयव्ही हा विषाणू भारतात पहिल्यांदा आढळला तो १९८६ साली, चेन्नईत. त्याच वर्षी मुंबईतही एड्सच्या रोग्याची नोंद झाली. मी डॉक्टर झालो त्या सुमारास, नव्वदच्या दशकाच्या आरंभी, या रोगाविषयी आम्हाला पुस्तकात फार थोडे शिकवले जात असे. जे काही शिकलो ते वॉर्डात पाहून. आणि वॉर्डात काय पाहिले? शेवटची खाट, व्हरांड्याच्या दाराशी. केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलेला रोग, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावा असा. जेवणाचे ताट लांबून सरकवले जाई. रोगी दगावला, की प्रेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरच्यांच्या हवाली. हे सर्व आम्ही शिकाऊ डॉक्टर पाहत होतो आणि हीच रीत आहे असे समजत होतो.

पुढे मी जिल्ह्यात दवाखाना टाकला. मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जाणारा तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ (आता त्याला ५३ म्हणतात) आपल्याला नवा नाही. त्या रस्त्यावरचा एक ट्रक क्लीनर १९९७ च्या सुमारास माझ्याकडे आला. तोंडात पांढरे चट्टे, महिनाभराचे जुलाब, अंगावर नुसते कातडे. रोग काय असावा हे मला पाहताक्षणी कळले. मी त्याला हात न लावता, टेबलाच्या अलीकडूनच मोठ्या गावच्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली. नाडीसुद्धा पाहिली नाही. तो उठल्यावर ज्या स्टुलावर तो बसला होता ते स्टूल मी फिनाईलने पुसायला लावले. बाहेर बाकावर बसलेले लोक ते पाहत होते. त्या दिवशी गावाला एड्सविषयी जे शिक्षण मिळाले ते माझ्या त्या फिनाईलच्या फडक्याने मिळाले.

एवढ्यावर भागले नाही. त्या वर्षांत शाळा-महाविद्यालयांत, यात्रेत, बाजाराच्या दिवशी आम्ही डॉक्टर मंडळी व्याख्याने देत असू. सोबत कवटी आणि हाडांची चित्रे. 'एड्स झाला म्हणजे मेलाच' असे आम्ही छातीठोकपणे सांगायचो. हेतू चांगला होता. लोक घाबरतील व जपून वागतील, असे वाटायचे. लोक घाबरले खरे, पण ते रोगाला कमी आणि रोग्याला जास्त घाबरले.

तेव्हा आमच्या हाती औषध नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. तीन औषधे एकत्र दिली तर रोगी जगतो, हे १९९६ मध्ये जगापुढे आले, पण ती औषधे श्रीमंत देशांनाच परवडत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने गरीब देशांसाठी वर्षभराची औषधे ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि चित्र पालटू लागले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एआरटी म्हणजे विषाणूविरोधी औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर तपासणीत संसर्ग आढळला, की प्रतिकारशक्ती किती उरली याची वाट न पाहता लगेच औषध सुरू करतात. वेळेवर औषध सुरू करून ते नियमित घेणारा माणूस आज जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगतो.

औषध आले ते गावोगाव पोहोचले. पण आमची जुनी व्याख्याने कोणी मागे घेतली नाहीत. कवटीची चित्रे भिंतीवरून गेली, मनातून गेली नाहीत.

नाव लपवून न्याय मागण्याची वेळ

या भीतीने काय केले, याची उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत.

गोव्याचे डॉमनिक डिसोझा हे तरुण नियमित रक्तदान करीत. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्यांना घरून घेऊन गेले. रक्तात एचआयव्ही सापडला, एवढाच त्यांचा गुन्हा. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तेव्हा अशा माणसाला अलग डांबून ठेवण्याची तरतूद होती. क्षयरोग्यांच्या एका बंद पडलेल्या इमारतीत त्यांना ६४ दिवस एकट्याला ठेवले. आई लुसी डिसोझा न्यायालयात गेल्या, लोकांनी मोर्चे काढले. सुटल्यावर डॉमनिक यांनी अशाच रोग्यांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते वारले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर असलेल्या कामगाराला एचआयव्ही असल्याच्या कारणावरून काम नाकारले गेले. माणूस धडधाकट होता, काम करू शकत होता. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कामास योग्य असलेल्या माणसाला केवळ या संसर्गापायी नोकरी नाकारता येणार नाही. या खटल्यात त्या कामगाराचे नाव कोठेच नाही. कागदोपत्री तो 'एमएक्स' आहे. न्याय मिळाला, पण स्वतःच्या नावाने तो मागण्याची सोय नव्हती.

तिसरे लातूर जिल्ह्यातील हासेगावचे. तेथे 'सेवालय' नावाच्या संस्थेत एचआयव्हीग्रस्त मुले राहतात. २००९ साली ती मुले गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू लागली तेव्हा पालकांनी विरोध केला, स्वतःच्या मुलांना शाळेत पाठवणे बंद केले. बाकावर शेजारी बसल्याने हा रोग होत नाही, हे तोवर जगाला वीस वर्षांहून अधिक काळ माहीत होते.

आणि आपण बुलडाणेकरांनी लातूरला नावे ठेवू नयेत. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. त्याला 'टक्कल व्हायरस' असे नावही पडून गेले. त्या गावच्या लोकांकडे इतरांनी कसे पाहिले, तरुण पोरापोरींची कशी कुचंबणा झाली, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे तपासणीत त्यांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आढळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. म्हणजे एकाचे दुसऱ्याला होण्याचा प्रश्न नव्हता. तरीही अंतर पडले ते पडलेच. तो प्रकार काही महिन्यांत निवळला. माझ्या दवाखान्यात आलेल्या बाईंनी हेच अंतर चौदा वर्षे सोसले आहे.

'ज्याने केले त्याला झाले'

एड्सच्या बाबतीत भीतीला आणखी एक जोड आहे, ती म्हणजे चारित्र्याची शंका. 'ज्याने केले त्याला झाले' असे पारावर सहज बोलले जाते. माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे आजवर आलेल्या अशा बहुतेक स्त्रियांना हा रोग लग्नाच्या नवऱ्याकडून झाला. त्यांनी 'केले' ते एवढेच, की संसार केला. परंतु नवरा आधी गेला, की 'हिनेच खाल्ला' असा शिक्का सुनेवर बसतो. तपासणीचा कागद निमित्त होतो आणि शेतातला हिस्सा न देता तिला माहेरी धाडले जाते. अशा वेळी रोगाची भीती किती आणि चार एकरांचा लोभ किती, हे मला नेहमी कोडे पडते.

क्लीनर, ड्रायव्हर, कामासाठी बाहेरगावी जाणारे मजूर यांच्यावरही असाच सरसकट संशय घेतला जातो. त्याचा परिणाम असा, की आपण 'तसल्या' लोकांपैकी नाही असे समजणारा नोकरदार, दुकानदार तपासणीच्या वाटेलाच जात नाही.

आणि समजा, एखाद्याचे पाऊल वाकडे पडलेही असेल. खर्रा खाऊन तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला आपण घरातून काढतो काय? दारूने यकृत गेलेल्याचे ताट वेगळे ठेवतो काय? मग चारित्र्याचा दाखला एकट्या या रोग्याकडेच का मागायचा? डॉक्टरचे काम उपचाराचे आहे आणि घरच्यांचे आधाराचे. निवाडा करणे हे दोघांचेही काम नाही.

लाजेने रोग वाढतो

कोणी म्हणेल, डॉक्टर, हा समाजसुधारणेचा विषय झाला, आरोग्याचा कोठे? तर ऐका.

एआरटीची गोळी रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्यावी लागते. वरचेवर खंड पडला तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. आता खंड का पडतो ते पाहा. जवळच्या केंद्रात ओळखीचे कोणी भेटेल म्हणून माणूस एसटीने परजिल्ह्यात औषध आणायला जातो. एका दिवसाची मजुरी बुडते, भाडे लागते, एखादा महिना चुकतो. बाटलीवरचे लेबल खरवडून काढायचे, गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून पदराला ठेवायच्या. लग्नाला, तेराव्याला चार दिवस पाहुणे म्हणून गेले, तर सर्वांदेखत गोळी घ्यायची कशी? मग ती राहते. वरच्या बाईंनी मला सांगितले, की लेकीच्या लग्नात आठ दिवस त्यांनी गोळी घेतली नव्हती.

दुसरे, लाजेपायी लोक तपासणीलाच येत नाहीत. येतात तेव्हा क्षय जडलेला असतो, वजन निम्मे झालेले असते. एचआयव्ही म्हणजे विषाणूचा संसर्ग आणि एड्स म्हणजे त्या संसर्गाने प्रतिकारशक्ती ढासळल्यानंतरची अवस्था. या दोन टप्प्यांत उपचाराविना बहुधा आठ-दहा वर्षे जातात. एवढी वर्षे हाताशी असताना माणूस उशिरा येतो, तो बहुतेक वेळा 'लोक काय म्हणतील' म्हणूनच. भारतात सुमारे २५ लाख लोक या संसर्गासह जगत आहेत आणि त्यांपैकी जवळपास ४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. तेव्हा 'आपल्यात नाही' असे कोणत्याच गावाने समजू नये.

काही नेहमीच्या शंका

एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्याल्याने, एकच संडास वापरल्याने, हात मिळवल्याने किंवा कपड्यांतून हा रोग होत नाही. खोकल्यातून व शिंकेतूनही होत नाही. तो पसरण्याचे मार्ग चार: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला.

डासाने होतो काय? नाही. हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही.

न्हाव्याकडे जावे की नाही? अवश्य जावे. ब्लेड नवे असावे हा नियम सर्वांसाठीच आहे, त्यासाठी कोणा एकाची हजामत नाकारण्याचे कारण नाही.

नवरा-बायकोपैकी एकाला असेल तर? औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणू सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही. युरोपातील जोडप्यांवर वर्षानुवर्षे झालेल्या अभ्यासांत (२०१६ व २०१९) अशा जोडीदाराकडून एकही संसर्ग झालेला आढळला नाही. मात्र विषाणू सापडत नाही, हे तपासणीनेच ठरवावे, अंदाजाने नव्हे. तोवर निरोध वापरावा.

मूल होऊ द्यावे काय? डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर. उपचार नसल्यास शंभरांपैकी १५ ते ४५ बाळांना संसर्ग होऊ शकतो. आईने गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात औषध घेतले, बाळालाही दिले, तर हे प्रमाण ५ च्या खाली येते.

आता माझ्या व्यवसायबंधूंसाठी. रोग्याची सुई चुकून टोचली तरी संसर्गाचा धोका हजारात सुमारे तीन इतकाच असतो. त्यावरही ७२ तासांच्या आत, खरे तर जेवढ्या लवकर तेवढे चांगले, प्रतिबंधक गोळ्या सुरू करून २८ दिवस घेता येतात. हातमोजे प्रत्येक रोग्यासाठीच घालायचे असतात. तेव्हा बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया नाकारण्याला वैद्यकीय आधार नाही.

कायदा काय म्हणतो

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार व भाड्याचे घर यांत अशा व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि माहिती फोडता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवल्यास तीन महिने ते दोन वर्षे कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

यातले एक कलम मला फार मोलाचे वाटते. एचआयव्ही असलेल्या माणसाला सामाईक घरात राहण्याचा आणि त्या घरातील सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्क आहे. म्हणजे सुनेला घराबाहेर काढता येणार नाहीच, पण घराचा माठही तिचा आहे आणि त्यावरचा पेलाही.

अर्थात पेला एकत्र ठेवा म्हणून कोणाच्या घरी पोलीस यायचे नाहीत. ते काम घरातल्यांनाच करावे लागेल आणि त्यांना ते सांगण्याचे काम आम्हा डॉक्टरांचे. कारण भांडी वेगळी ठेवा, हे त्यांना आमच्यातल्याच कोणी तरी सांगितले होते.

त्या बाईंच्या थोरल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावले, अर्थातच बाईंना विचारून. तो शिकलेला आहे. आईचा रिपोर्ट समोर ठेवून त्याला सगळे समजावले. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "काका, हे मले कोणी आधी काहून नाही सांगलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी गेल्यावर पुढे काय झाले ते अद्याप कळलेले नाही. बाई पुढच्या आठवड्यात तपासणीला यायच्या आहेत. पिशवीत पेला असतो की नाही, ते तेव्हा दिसेल.

आपल्यापैकी कोणालाही शंका असल्यास सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात जावे. तपासणी मोफत होते व नाव गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर फोनही मोफत आहे. या सदरासाठी काही विचारायचे असल्यास वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पत्र लिहावे. पत्रात नाव घातले नाही तरी चालेल. नाव घालण्याची भीती वाटणार नाही असा दिवस आपल्या जिल्ह्यात यावा, एवढीच इच्छा.